प्रशिक्षण दिवसांत मोजायचे की पाठांत?

शाळेत नवे तंत्रज्ञान आणण्याचा निर्णय झाला की खरेदीच्या कागदपत्रांत, शेवटच्या पानावर का होईना, शिक्षक-प्रशिक्षणाची एक ओळ असतेच. त्या ओळीत दिवस लिहिलेले असतात: दोन दिवस, तीन दिवस, क्वचित एखादा आठवडा. त्या दिवसांत काय घडणार हेही बहुधा ठरलेले असते. सभागृहात पुरवठादाराचा प्रतिनिधी पडद्यावर एकेक कळ दाबून दाखवतो, लॉगइन आणि पासवर्ड वाटले जातात, त्यातले काही चालत नाहीत, दुपारी गटचर्चा होते आणि शेवटी अभिप्रायाचा तक्ता भरून घेऊन प्रमाणपत्रे दिली जातात. हजेरीपट भरलेला असल्यामुळे कार्यक्रम यशस्वी ठरतो. काही महिन्यांनी त्याच शिक्षकांच्या वर्गांत डोकावले तर ते उपकरण एक तर कपाटात असते, नाही तर पूर्वी जे फळ्यावर लिहिले जायचे तेच आता पडद्यावर दिसत असते. यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे शिक्षकांची बदलण्याची तयारी नाही. दुसरी, प्रशिक्षणाचे दिवस कमी पडले. मला ही दोन्ही निदाने चुकीची वाटतात. प्रशिक्षण दिवसांत मोजणे हीच मूळ चूक आहे. ते पाठांत मोजले पाहिजे: एखाद्या शिक्षकाने स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर, जाणकार सहकाऱ्याच्या सोबतीने, किती पाठ आखले, घेतले आणि घेतल्यानंतर पुन्हा तपासले, या हिशेबात. हे एकदा मान्य केले की खर्चाचा सगळा क्रमच उलटा करावा लागतो आणि या विषयावरची खरी अडचण तिथेच आहे.

शिक्षकांच्या अनिच्छेचे स्पष्टीकरण जुने आहे. १९१३ साली थॉमस एडिसन यांनी चलच्चित्रांमुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत शाळेची सारी पद्धत बदलेल, असे भाकीत केले होते. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला आणि प्रत्येक वेळी अपेक्षाभंगाचे खापर वर्गात उभ्या असलेल्या माणसावर फुटले. अमेरिकी शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली या सगळ्या प्रवासाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना दिसलेले चित्र वेगळे होते. शिक्षक नव्या साधनाला डोळे मिटून नकार देत नव्हते. ते अतिशय व्यवहारी प्रश्न विचारत होते. हे साधन हवे तेव्हा हाताशी असेल का, मध्येच बंद पडेल का, ते शिकायला लागणारा वेळ वर्गात भरून निघेल का, आणि मला आज ज्या अडचणी भेडसावत आहेत त्यांतली एखादी तरी त्याने सुटेल का? हे प्रश्न विचारणारा माणूस आळशी नसतो. मर्यादित वेळेत अनेक मुलांची जबाबदारी असलेला कोणताही समंजस माणूस हेच विचारेल. प्रशिक्षणाच्या बहुतेक आराखड्यांत मात्र यातल्या एकाही प्रश्नाला जागा नसते.

नुसत्या साधनवाटपाने काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पेरू देशातले आहे. तिथे प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या योजनेचा ३१९ प्राथमिक शाळांमध्ये काटेकोर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. योजना लागू झालेल्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ पर्यंत गेले, म्हणजे माणशी एकाहून जास्त. गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत मात्र योजना नसलेल्या शाळांच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत थोडी वाढ दिसली, हे नमूद करायला हवे. पण ज्यासाठी मुले शाळेत येतात आणि शिक्षक तासिका घेतात, ते जिथल्या तिथेच राहिले.

मग शिक्षकाने शिकायचे ते नेमके काय? इथे थोडे थांबून एखाद्या पाठाकडे पाहिलेले बरे. अपूर्णांकांच्या बेरजेचा तास आहे. शिक्षिका पडद्यावर प्रश्न दाखवतात: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? चार पर्यायांपैकी एक ‘दोन पंचमांश’ आहे. मुले टॅबवर उत्तरे देतात आणि काही सेकंदांत स्तंभालेख समोर येतो, त्यात जवळजवळ निम्म्या वर्गाने दोन पंचमांश निवडलेले असते. इथपर्यंतचे सगळे काम यंत्राने केले आहे आणि इथपर्यंतचे प्रशिक्षण एका दुपारीही देता येते. कठीण भाग यानंतर सुरू होतो. ‘दोन पंचमांश’ हा पर्याय मुळात कोणी आणि का ठेवला? अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची चूक मुले करतात हे ठाऊक असल्याशिवाय तो सुचतच नाही. आता पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करायचे? बरोबर उत्तर सांगून टाकायचे, चुकलेल्या मुलाला बोलते करायचे, शेजाऱ्याशी चर्चा करायला लावायची, की बेरीज एक द्वितीयांशापेक्षाही लहान कशी आली, एवढेच विचारून गप्प बसायचे? या अर्ध्या मिनिटातला निर्णय म्हणजेच अध्यापन. तो सभागृहात शिकवता येत नाही, कारण सभागृहात मुले नसतात आणि त्यांच्या चुकाही नसतात.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मेझर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विकसित केलेली सहाध्यायी-चर्चेची पद्धत याच निर्णयाभोवती उभी आहे. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाचे मत घ्यायचे. बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर विद्यार्थ्यांना एकमेकांना पटवून द्यायला सांगायचे आणि पुन्हा मत घ्यायचे. त्याहून कमी असेल तर संकल्पनाच पुन्हा समजावायची. जास्त असेल तर पुढे सरकायचे. ही पद्धत हातातल्या इलेक्ट्रॉनिक मतदान-यंत्रांमुळे गाजली. पण नॅथॅनिएल लासरी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, यंत्राने मत देणारे विद्यार्थी आणि साध्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर अक्षर दाखवून मत देणारे विद्यार्थी यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्राचे फायदे नव्हते असे नाही. मोजणी झटपट होत होती आणि नोंद राहत होती. परंतु शिकणे घडत होते ते प्रश्नाच्या रचनेमुळे आणि त्यानंतरच्या चर्चेमुळे. ज्या शिक्षकाला हे जमते, त्याच्या हाती यंत्र दिले तर त्याचे काम सोपे होते. ज्याला जमत नाही, त्याला यंत्राची माहितीपुस्तिका तोंडपाठ असूनही फारसा उपयोग नाही.

विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकवण्याचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ साली मांडले. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोएलर यांनी २००६ साली त्यात तंत्रज्ञानाची भर घालून सांगितले की विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान हे तीन स्वतंत्र कप्पे नाहीत; शिक्षकाला लागते ते या तिन्हींच्या एकत्र येण्यातून तयार होणारे ज्ञान. ही मांडणी आज प्रशिक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक सादरीकरणात तीन वर्तुळांच्या चित्राच्या रूपाने दिसते, आणि चित्र दाखवून झाले की सगळ्या विषयांच्या, सगळ्या इयत्तांच्या शिक्षकांना एकाच खोलीत बसवून एकच ॲप शिकवले जाते. भूगोलाच्या शिक्षकाला नकाशावरचे थर हवे असतात, भाषेच्या शिक्षिकेला मुलांच्या लेखनाचा पहिला आणि तिसरा खर्डा शेजारी ठेवून पाहायचा असतो. त्यांना एकच गोष्ट एकाच वेळी शिकवणे हे केवळ आयोजकांच्या सोयीचे आहे.

यावर उपाय म्हणून ज्याची शिफारस करावी अशी एकच व्यवस्था मला दिसते आणि ती म्हणजे शाळेतच असणारा, स्वतः शिकवलेला किंवा अजूनही काही तासिका शिकवणारा अध्यापन-मार्गदर्शक. त्याचे काम साधे आहे. पाठाआधी शिक्षकासोबत बसून टाचण पाहायचे आणि कुठे मुले अडतील याचा अंदाज घ्यायचा. मग वर्गात मागे बसून मुले काय करतात याची नोंद करायची. शिक्षक काय करतो याची नव्हे. नंतर, शक्यतो त्याच दिवशी, त्या नोंदींवर बोलायचे आणि पुढच्या पाठात एक गोष्ट बदलायची. हा फेरा वर्षभर चालवायचा. अमेरिकेतील ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते की केवळ सिद्धान्त ऐकून, प्रात्यक्षिक पाहून किंवा कार्यशाळेत सराव करूनही नवे कौशल्य वर्गात फारसे उतरत नाही. वर्गात सोबत मिळाली तरच ते उतरते. पुढे मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ साली अशा मार्गदर्शनावरील ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अध्यापनाच्या गुणवत्तेत सरासरी ०.४९ आणि विद्यार्थ्यांच्या चाचण्यांत ०.१८ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) सुधारणा त्यांना आढळली. त्यांतले बहुतेक अभ्यास वाचन-लेखनाच्या अध्यापनाचे होते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे तंत्रज्ञानाला लावता येणार नाहीत. तरीही शैक्षणिक उपाययोजनांच्या जगात ही सुधारणा लहान नाही.

दिवसांच्या हिशेबावर विश्वास ठेवणारे इथे दुसरा एक आकडा पुढे करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासावरील १,३०० हून अधिक अभ्यास तपासले गेले. त्यांतले अवघे ९ काटेकोर निकषांना उतरले आणि त्यांवरून असे दिसले की १४ तासांपर्यंतच्या प्रशिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर लक्षणीय परिणाम होत नाही, तर सरासरी ४९ तासांच्या प्रशिक्षणाचा चांगला परिणाम होतो. तेव्हापासून तास वाढवा, ही मागणी सुरू आहे. पण नऊ अभ्यासांच्या आधारावर तासांचे सूत्र बांधणे धाडसाचे आहे, आणि २०१८ च्या विश्लेषणात तर मार्गदर्शनाचे तास वाढले म्हणून परिणामही वाढला, असा स्पष्ट संबंध आढळला नाही. एकदाच दिलेले थोडे तास वाया जातात, एवढा भाग दोन्हींतून घेता येतो. त्यापुढे प्रश्न तासांचा उरत नाही, त्या तासांत वर्ग किती होता याचा उरतो.

मार्गदर्शक नेमला म्हणजे काम झाले, असेही नाही. ही व्यवस्था बिघडवण्याच्या दोन हमखास वाटा आहेत. पहिली म्हणजे मार्गदर्शकाला निरीक्षक करून टाकणे. वर्गात मागे बसलेल्या माणसाच्या वहीतील नोंद उद्या गोपनीय अहवालात जाणार असेल, तर शिक्षक त्याला आपला सर्वांत सुरक्षित, शंभरदा घेतलेला पाठ दाखवील. ज्या पाठात तो चाचपडतो आहे तो कधीच दाखवणार नाही, आणि मार्गदर्शनाची गरज नेमकी त्याच पाठाला असते. जॉयस आणि शॉवर्स यांचा या बाबतीतला अनुभव बोलका आहे. १९९६ साली आपल्या कामाकडे मागे वळून पाहताना त्यांनी सांगितले की सहकारी शिक्षकांनी एकमेकांना तोंडी अभिप्राय देणे त्यांनी आपल्या पद्धतीतून काढूनच टाकले, कारण अभिप्राय सुरू झाला की त्याचे मूल्यमापन व्हायला वेळ लागत नाही. त्यांच्या मांडणीत जो शिकवतो तो मार्गदर्शक आणि जो पाहायला येतो तो शिकणारा. मी इतक्या टोकाला जाणार नाही. नवशिक्या शिक्षकाला अभिप्राय हवा असतो आणि तो न देणे हाही अन्याय आहे. परंतु मार्गदर्शकाची वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार नाही, हे लेखी ठरलेले असावे, आणि ते मुख्याध्यापकांनीच शिक्षकांना सांगावे.

दुसरी वाट जास्त मजेदार आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याची. तंत्रज्ञानाचा मार्गदर्शक म्हटले की प्रोजेक्टर लागत नाही, प्रिंटर अडकला, नेट गेले, पासवर्ड विसरला, अशा प्रत्येक वेळी त्यालाच हाक मारली जाते. तो बिचारा भला माणूस असतो, त्याला ते जमतही असते, आणि महिन्याभरात त्याचा दिवस तारा जोडण्यात जाऊ लागतो. दुरुस्तीचे काम कमी महत्त्वाचे आहे असे मुळीच नाही. उपकरण भरवशाचे नसेल तर शिक्षक ते वापरणार नाही, हे क्यूबन यांनी नोंदवलेच आहे. म्हणूनच त्यासाठी वेगळा माणूस, मग तो अर्धवेळ का असेना, हवा. एकाच व्यक्तीवर दोन्ही कामे टाकली की दुरुस्तीचे काम नेहमीच जिंकते, कारण ते आत्ताचे असते आणि टाचणावरची चर्चा उद्यावर ढकलता येते.

नियोजनाची सुरुवात भाषणाने करण्याची प्रथाही सोडायला हवी. आधी शिक्षकांची मानसिकता बदलू, मग पद्धत बदलेल, असा हिशेब त्यामागे असतो. शिक्षण-संशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ सालीच याच्या उलट क्रम मांडला होता: शिक्षक आधी थोडे वेगळे करून पाहतो, त्यातून आपली मुले जास्त शिकताहेत हे त्याला दिसते आणि मग त्याची धारणा बदलते. मुलांत फरक दिसला नाही तर कितीही प्रेरक व्याख्यान ऐकले तरी धारणा हलत नाही, आणि ती हलू नये हेच योग्य आहे. टेक्सास विद्यापीठात जीन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामातून आणखी एक उपयोगी गोष्ट मिळते. नवे काही आले की माणसाची पहिली काळजी स्वतःविषयी असते, मग कामाच्या आटोपशीरपणाविषयी, आणि त्यानंतरच विद्यार्थ्यांवरच्या परिणामाविषयी. ‘वर्गासमोर हे बंद पडले तर माझी काय शोभा होईल’ असे विचारणाऱ्या शिक्षकाला शैक्षणिक परिणामांचे आलेख दाखवणे व्यर्थ आहे. त्याच्यासोबत पहिल्या दोन पाठांना उभे राहणे, आणि बंद पडले तर काय करायचे ते टाचणातच लिहून ठेवणे, हे त्याचे उत्तर आहे.

याचा अर्थ वर्षाच्या आराखड्यात फार थोडे बसते. एका शिक्षकाने वर्षभरात अध्यापनाची एक सवय बदलावी आणि तिला लागेल तेवढेच साधन घ्यावे, याहून मोठी अपेक्षा मला वास्तव वाटत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी ठरवले की यंदा आपण प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लिहून घेणार आहोत, तर त्यासाठी एक सामाईक फाईल पुरे. पुढच्या वर्षी त्या अंदाजांचे वर्गीकरण, त्यानंतर कदाचित आभासी प्रयोग. दरवर्षी नवे व्यासपीठ विकत घेणाऱ्या व्यवस्थेला हा वेग सहन होत नाही. पण चार साधनांच्या चार अर्धवट सवयींपेक्षा हे बरे. या वेगाला वेळापत्रकाचा आधार मात्र हवा. शिक्षक आणि मार्गदर्शक दोघेही मोकळे असतील अशी तासिका आठवड्यातून एकदा तरी वेळापत्रकात छापलेली पाहिजे आणि ती गैरहजर शिक्षकाच्या बदली तासासाठी वापरली जाणार नाही, अशी हमी पाहिजे. शाळा सुटल्यानंतर, रविवारी किंवा घरी बसून करायच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर उभे केलेले प्रशिक्षण म्हणजे शिक्षकांच्या खासगी वेळेवर चालवलेली योजना होय. तिचा खर्च कागदावर शून्य दिसतो, म्हणून ती लोकप्रिय आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आणि विस्ताराचा आहे आणि तो टाळता येणार नाही. मार्गदर्शक म्हणजे पूर्ण पगाराची माणसे. शिवाय २०१८ च्या त्याच विश्लेषणात असेही दिसले की कार्यक्रमात सहभागी शिक्षकांची संख्या वाढत जाते तसा त्याचा परिणाम घटत जातो. चांगले मार्गदर्शक मोजके असतात आणि घाईने नेमलेले मार्गदर्शक शेवटी फिरते सभागृह होतात. दूरस्थ मार्गदर्शनाने थोडी मदत होऊ शकते. पाठाचे चित्रण पाहून पडद्यावरून केलेले मार्गदर्शन प्रत्यक्ष मार्गदर्शनापेक्षा कमी प्रभावी असल्याचे त्या विश्लेषणात आढळले नाही. तरीही पैसा लागेलच. माझे म्हणणे एवढेच आहे की तो उपकरणांच्या रकमेतून काढावा. दोन वर्गांना मिळून उपकरणांचा एकच संच द्यावा लागला तरी चालेल, निम्म्या शाळांपासून सुरुवात करावी लागली तरी चालेल. न वापरलेल्या यंत्राचाही खर्च होतोच, फक्त तो कोणत्याही अहवालात तोटा म्हणून दाखवला जात नाही. सगळ्यांना एकाच दिवशी सारखे साधन देणे दिसायला न्याय्य असते. पण ज्या शाळेत शिक्षकाला सोबत करणारे कोणी नाही तिथे ते साधन मुलांपर्यंत पोचत नाही, आणि अशा शाळा सहसा आधीच मागे असलेल्या असतात.

तरुण शिक्षक तंत्रज्ञानातच वाढले आहेत, त्यांना हे सारे आपोआप येईल, हा युक्तिवाद मला लांबवावासा वाटत नाही. त्यांना फोन वापरता येतो. अपूर्णांकांच्या तासातले ते अर्धे मिनिट त्यांच्यासाठीही तितकेच अवघड असते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा सर्व वयांच्या शिक्षकांनी गरजेपोटी काही आठवड्यांत ऑनलाइन वर्ग घेण्याची साधने आत्मसात केली. कळा शिकणे ही अडचण नव्हतीच. अडचण होती ती कॅमेरे बंद करून बसलेल्या मुलांना काय समजले हे ओळखण्याची, आणि तिच्यासाठी कोणाकडेच कार्यशाळा नव्हती. आता आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर कळाही काढून टाकल्या आहेत. साध्या भाषेत मागितले की प्रश्नसंच तयार. तो प्रश्नसंच आपल्या वर्गाच्या कोणत्या गैरसमजाला हात घालतो, त्यातला कोणता प्रश्न चुकीचा आहे आणि कोणता बरोबर असूनही निरुपयोगी आहे, हे ठरवण्याचे काम मात्र शिक्षकाकडेच राहिले. यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण जसजसे अनावश्यक होत जाईल, तसतसा मार्गदर्शकाच्या खुर्चीचा प्रश्न अधिक उघडा पडेल.

शेवटी मूल्यमापन कशाचे करायचे, हे खरेदीच्या करारातच ठरले पाहिजे. गस्की यांनी पुढे प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पातळ्या सांगितल्या: सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, संस्थेने दिलेला आधार, प्रत्यक्ष वापर आणि विद्यार्थ्यांवरील परिणाम. आपले अभिप्राय-तक्ते बहुधा पहिल्या पातळीवर थांबतात आणि तिसरी पातळी तर कोणी विचारातही घेत नाही, कारण तिथे प्रश्न शिक्षकाला नव्हे तर व्यवस्थापनाला विचारायचे असतात: मोकळी तासिका दिलीत का, मार्गदर्शकाला वर्षाच्या मध्ये दुसऱ्या कामावर पाठवलेत का, दुरुस्तीला किती दिवस लागले? पुरवठादाराला शेवटचा हप्ता देण्याआधी आणि पुढच्या खरेदीचा प्रस्ताव मंजूर करण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. ज्या शाळेत मार्गदर्शकाचे पद रिकामे आहे किंवा त्याच्या वेळापत्रकात वर्गभेटींच्या तासिका नाहीत, तिथे उपकरणांचा पुढचा टप्पा पाठवू नये.